वझलवारकाकांचा बॉल

वझलवारकाकांच्या दाढेत मी गटापर्चा भरत होते तेव्हा मला वाटत होतं, की मी एका म्हाताऱ्या माणसाचं साधं रूट कॅनाल करते आहे. आनंद नगरात माझा दाताचा दवाखाना आहे, दाढा भरणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दाढ भरताना पेशंट कण्हतो, देवाचं नाव घेतो, क्वचित माझा हात चावतो. आनंदानं खुर्चीत उठून बसलेला पेशंट मी एकच पाहिला.

आता गटापर्चा म्हणजे काय, ते सांगते. दाढेतली नस काढली की आत पोकळी राहते. ती बुजवायला आम्ही बारीक गुलाबी कांड्या वापरतो. एका झाडाच्या चिकापासून त्या होतात. मी माझ्या असिस्टंटला, रुखसानाला म्हटलं, "गटापर्चा देना." काकांचं तोंड उघडं, त्यात माझे दोन्ही हात, वर दिवा. तेवढ्यात काकांनी वर्गात पोरं करतात तसं बोट वर केलं. मला वाटलं दुखलं, म्हणून मी हात बाहेर काढले.

"डॉक्टरबाई, तुम्ही का भरून राहिल्या माझ्या दाढेत?"

"गटापर्चा."

"अन् ते का असते, ठाऊक आहे? गोल्फचा बॉल."

"काका, तोंड उघडा."

"उघडतो न. आधी ऐका तर." आणि तो माणूस माझ्या खुर्चीत मांडी घालून बसला. पूर्वी म्हणे गोल्फचा बॉल चामड्याच्या पिशवीत पिसं कोंबून करत. पावसात भिजला की त्याचा लगदा. मग कुणाला तरी गटापर्चा सापडला. गरम पाण्यात टाका, मऊ होतो. हातावर वळा, गार करा, झाला बॉल. पुढे आत रबराचा ताणलेला दोरा गुंडाळायला लागले, वरून दुसऱ्या एका झाडाच्या चिकाचं कव्हर. आणि आता आत एकजीव रबराचा गोळा, बाहेर प्लास्टिकच्या जातीचं कव्हर, मध्ये आणखी एखादा थर. बाहेर एक बाई सुजलेला गाल धरून बसली होती, इथं यांची दाढ उघडी, आणि मी हातात कांडी घेऊन बॉलचा इतिहास ऐकते आहे. माझा स्वभाव काही सोशीक नाही. मी दिवा बंद केला. काका अंधारात बोलत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी अख्ख्या रायसेन रोडवर सांगितलं, की आपल्या दाढेत गोल्फचा बॉल आहे. आमच्या दवाखान्याची अशी जाहिरात दुसऱ्या कुणी केली नसेल. दोन माणसं तर तोच बॉल बसवून द्या म्हणून आली.

काका मूळचे नागपूरकडचे. इथल्या वीजयंत्रांच्या मोठ्या कारखान्यात रबर विभागात नोकरीला होते. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल गळू नये म्हणून ज्या रबरी चकत्या लावतात, त्या करण्यात त्यांची नोकरी सरली. स्वतः गोल्फ कधी खेळले नाहीत. काठी हातात धरली नाही. मैदानसुद्धा बसच्या खिडकीतून पाहिलेलं. पण रिटायर झाल्यापासून ते घरी गोल्फचा बॉल करत होते. त्याचं कारण एक माणूस होता आणि त्या माणसाचं एक वाक्य होतं.

चतुर्वेदीसाहेब काकांचे वरिष्ठ. उंच, गोरे, मोजकं बोलणारे, गोल्फचे वेडे. एकदा त्यांनी करवतीनं कापलेला अर्धा बॉल काकांच्या टेबलावर ठेवला, आत काय आहे ते दाखवायला. काकांनी तो दाबला, हुंगला, चाटला आणि म्हणाले, "सर, ये तो मैं बना दूँगा." साहेब हसले. म्हणाले, "वझलवार, तुम तेल रोको. बॉल तुम्हारे बस की बात नहीं." एवढंच. साहेब ते संध्याकाळपर्यंत विसरले असतील. काकांनी मात्र ते पोटात ठेवलं. साहेबांनी आपण केलेला बॉल एकदा मारावा आणि त्यांच्या मैदानावर जे तळं आहे त्याच्या पलीकडे तो पडावा, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही मागणंच नव्हतं त्यांचं. मुलीचं लग्न झालेलं, गुडघे बरे, पेन्शन चालू. फक्त ते तळं राहिलं होतं.

काकांना सवय होती, हातात येईल ती वस्तू कमरेच्या उंचीवरून खाली टाकून बघायची. लिंबू, बटाटा, गुलाबजाम, जावयाचा मोबाइल. वस्तू किती उडते ते बघत आणि मान डोलावत. भाजीवाल्यांनी त्यांना टोमॅटोपासून दूर ठेवलं होतं. "को खां, दबाओ मत, ले जाना हो तो ले जाओ," असं एकानं माझ्यासमोर इथल्या बोलीत सुनावलं. काका म्हणाले, "दबा के नहीं देखूँगा तो कंप्रेशन कैसे समझेगा?" भाजीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी कोथिंबीर निवडायला लागले.

माणसंही ते तशीच तोलत. अमका एका थराचा, म्हणजे आतबाहेर सारखा, टिकेल पण लांब जाणार नाही. तमका तीन थरांचा. जावयाबद्दल विचारलं की म्हणत, "प्रॅक्टिसचा बॉल आहे. कव्हर मजबूत, आत काही नाही." चांगल्या बॉलची त्यांची व्याख्या होती: आतून चिडका, बाहेरून सोशीक. मारला की आतल्या रबरानं चिडून उसळलं पाहिजे, आणि कव्हरनं मुकाट सोसलं पाहिजे. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, यावर म्हणायच्या, "मी उलटी आहे. बाहेरून चिडकी." काका म्हणत, "म्हणूनच लांब नाही जाऊन राहिली, इथंच आहे." हे ते प्रेमानं बोलत, पण काकूंना ते तसं पोचत नसे.

काकू ग्वाल्हेरच्या, स्वच्छ स्वयंपाकघराच्या. आणि काकांची प्रयोगशाळा म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर. गोविंदपुऱ्यातल्या एका टायर रिमोल्डवाल्याकडून ते कच्च्या रबराचे तुकडे आणत, त्यात मी दिलेली झिंक ऑक्साइडची पावडर मळत आणि गोळा प्रेशर कुकरमध्ये शिजवत. रबर नीट शिजलं पाहिजे, नाहीतर उसळत नाही, हे खरं. पण त्याच कुकरात नंतर वरण लागे. मी एका रविवारी त्यांच्याकडे जेवले आहे. वरणाला मागच्या चाकाचा वास होता. काकू म्हणाल्या, "मीरा, तू पाहुणी, तुला चालणार नाही, पण आम्हाला आता साधं वरण अळणी लागतं."

मग कव्हरचा शोध सुरू झाला. गटापर्च्याच्या झाडाच्या जातकुळीतली झाडं आपल्याकडे आहेत, हे काकांनी कुठंतरी वाचलं होतं. चिकू त्यातला. मोह त्यातला. आणि खिरनी, ते उन्हाळ्यात हातगाड्यांवर येणारं पिवळं गोड फळ, खाल्लं की ओठ चिकटतात ते, तीही त्यातलीच. झालं. काकांनी आधी दारातल्या चिकूला चाकूनं खाचा पाडून खाली वाट्या बांधल्या. झाडानं चीक दिला आणि त्या वर्षी फळ दिलं नाही. काकू झाडाच्या बाजूनं बोलल्या. मग काका खिरनीवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "फल नहीं चाहिए, पेड़ कहाँ है?" शेवटी तो सगळा चीक आटवून त्यांनी एक बॉल केला. तो बॉल टेबलाला चिकटला. अजूनही टेबलाला आहे. त्यावर फुलदाणी ठेवतात.

शेवटी परत माझ्याकडे आले. माझ्याकडे मुदत उलटलेल्या गटापर्च्याच्या कांड्यांचे डबे पडलेले असतात. ते मी देऊन टाकले, सुटका होईल या आशेनं. सुटका कसली. रोज दवाखाना उघडायच्या आत काका बाकावर. आज म्हणे कांड्या गरम पाण्यात मऊ केल्या. आज म्हणे त्यात थोडं टायरचं रबर घातलं, ठिसूळपणा गेला. दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाचा वास त्या सगळ्या बॉलना लागला होता. रुखसाना म्हणायची, "अंकल का बॉल सूँघ के दाँत का दर्द चला जाता है."

बॉलवर खळ्या असतात ना, त्या उगाच शोभेला नसतात. काकांनी मला समजावलं: गुळगुळीत बॉल लवकर खाली येतो, खळ्या असल्या की हवा त्याला धरून ठेवते. पण घरी खळ्या पाडायच्या कशा? काकूंचं आप्पेपात्र गेलं. त्याच्या वाट्यांत काकांनी डिंकानं साबुदाणा चिकटवला, ओळीनं, सारख्या अंतरावर. त्यावर गरम कव्हर दाबायचं, गार झालं की पाण्यात टाकायचं, साबुदाणा भिजतो आणि निघून येतो. कल्पना अफाट होती, हे मीही मान्य करते. पण संकष्टीला काकूंनी डबा उघडला आणि त्यात साबुदाणा नव्हता. त्या दिवशी त्यांनी उपास सोडला तो चंद्रोदयाच्या आधी, रागानं.

गणपती आले. काका दरवर्षी चतुर्वेदीसाहेबांना दर्शनाला बोलावत आणि साहेब दरवर्षी येत, दोन मिनिटं उभे राहून जात. त्या वर्षी काकांनी ठरवलं होतं, की साहेबांना बसवायचं, लाडू द्यायचा आणि मग विषय काढायचा. काकूंचे रव्याचे लाडू नावाजलेले. आदल्या दिवशी काकांनी साचा नीट बसतो का ते पाहायला काकूंच्या लाडवाचं मिश्रण साच्यात दाबून पाहिलं. लाडवांवर सुंदर खळ्या उठल्या. काकू आधी ओरडल्या, मग चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दिसायला बरे आहेत." ते लाडू ताटात गेले. ओट्यावर शेजारीच काकांचा सगळ्यात चांगला बॉल, चिकटू नये म्हणून कॉर्नफ्लोअर लावून वाळत ठेवलेला. आकार तोच. कॉर्नफ्लोअरमुळं रंगही तोच. खळ्या त्याच. घरात पंधरावीस माणसं, त्यांत मीही, काकू बशा भरतायत.

साहेब सोफ्यावर बसले. बशीतला चिवडा संपवला. लाडू उचलला आणि चावले. काही झालं नाही. आता साहेब पडले सभ्य माणूस, परक्याच्या घरचा प्रसाद, खाली कसा ठेवणार? त्यांनी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला. मग डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि साहेबांची वरची कवळी दोन तुकडे होऊन हातात आली. काकूंना वाटलं पाक पुढे गेला. त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि काका? काकांनी साहेबांच्या हातातून बॉल घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सर, कव्हरला ओरखडा पण नाही." मराठीतच म्हणाले, आनंदानं भान राहिलं नसावं.

काकूंनी काकांशी बोलणं बंद केलं. साहेब उठून गेले. काका दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातात काही नव्हतं. "संपलं, डॉक्टरबाई," म्हणाले. "आता साहेब माझ्या बॉलकडे पाहणार पण नाहीत." मला वाईट वाटलं. मी पेशंटच्या बाबतीत कोरडी आहे, लोक म्हणतात तेही खरं, पण त्या माणसाला रिकाम्या हातांनी बसलेलं पाहणं मला जमेना.

कवळी माझ्याकडेच दुरुस्तीला येणार होती, आणि आली. साहेब खुर्चीत बसले, दातांवाचून बोलणं अवघड झालेलं. मी कवळी जोडली, घासली, चकचकीत केली आणि त्यांना न देता हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "सर, वझलवारजी का बॉल एक बार मार दीजिए." साहेब म्हणाले, "वो लड्डू?" मी म्हटलं, "वही." माणसाचे दात समोरच्याच्या हातात असले की तो फार वाद घालत नाही. साहेबांनी मान हलवली. कवळी बसवल्यावर म्हणाले, "मार दूँगा. मगर मेरा कंधा अब वो नहीं रहा, मॅडम. ज़ोर लगाता हूँ तो रात भर दर्द करता है." बाहेर बाकावर काका बसले होते. दार अर्धं उघडं होतं.

त्यानंतर काका बरेच दिवस आले नाहीत. आले ते रविवारचं आमंत्रण घेऊन. नवा बॉल केला होता. मी हातात घेतला, सुरेख होता. म्हटलं, "आधीच्यापेक्षा वेगळा वाटतो." काका म्हणाले, "आहेच वेगळा," आणि घाईनं परत घेतला.

मैदान शहराबाहेर. आम्ही माझ्या गाडीतून गेलो: काका इस्त्रीच्या शर्टात, काकू डब्यात पोहे घेऊन, आणि बॉल थर्मासमध्ये. गार बॉल सुस्त पडतो म्हणून. काकू पुन्हा बोलायला लागल्या होत्या, पण फक्त कामापुरतं. साहेब वाट बघत उभे होते, पांढरी टोपी, हातात काठी. तळ्याच्या अलीकडे एक छोटी खुंटी रोवली आणि काकांनी थर्मासमधून बॉल काढून तीवर ठेवला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा साहेबांनीच वाकून ठेवला.

तळं समोर. पलीकडे गवत. एवढंच पार व्हायचं होतं. काकूंनी माझा दंड धरला आणि पुटपुटायला लागल्या. मी ऐकलं, तर अथर्वशीर्ष.

साहेबांनी काठी फिरवली. आवाज छान आला. बॉल उठला, उंच गेला, इतका उंच की काकांनी दोन्ही हात वर केले. मग वाऱ्यानं त्याला धरलं. वर गेल्यावर तो जागच्या जागी थांबल्यासारखा झाला आणि सरळ खाली आला, तळ्याच्या मधोमध. बुडाला आणि परत वर आला. आणि तरंगत राहिला.

साहेब म्हणाले, "हल्का है."

"हाँ सर."

"वज़न क्यों नहीं डाला? ज़िंक डालते, बेरियम डालते. तुम तो जानते हो ये सब."

"डाला था सर. लड्डूवाले में पूरा था. इसमें से निकाल दिया."

"निकाल दिया? क्यों?"

काका बुटांकडे बघायला लागले. "आपका कंधा, सर. भारी बॉल से झटका लगता."

मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू. इतकी वर्षं धडपडून, स्वयंपाकघराची धूळधाण करून, बायकोची बोलणी खाऊन, शेवटच्या घटकेला या माणसानं आपल्याच बॉलमधला जीव काढला. कशासाठी, तर साहेबांचा खांदा दुखू नये. आणि तरी मी तोंड फिरवून थर्मासचं झाकण लावत बसले. काकू तर उघडच पदरानं डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "गाढव आहेत हो, अगदी गाढव."

साहेब गवतावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"सर, ये क्या..." काका म्हणाले.

"निकालना है उसे. अगले इतवार वज़न डाल के लाओ. कंधे की मैं देख लूँगा." मोजे काढून बुटांत घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साहेब पाण्यात उतरले.

पुढचा रविवार आला नाही. मी इंदूरला माहेरी गेले होते, तिथं काकूंचा फोन आला. काका दुपारी जेवून झोपले होते, उठले नाहीत. कुणाला त्रास नाही, काही नाही. मी परत आले तोवर सगळं झालं होतं. म्हणून काका मला शेवटचे दिसले ते त्या तळ्यावर. त्या दिवशी रविवार असूनही मला दवाखाना उघडायचा होता, पेशंट खोळंबले होते. काका-काकूंना मी घरी सोडतो, असं साहेबच म्हणाले, म्हणून मी एकटीच निघाले होते. गाडीचं दार उघडून मागं वळून पाहिलं.

साहेब गुडघाभर पाण्यात, हातातली काठी लांब करून बॉल ओढायला बघत होते आणि त्यांच्याच लाटांनी बॉल पुढे पुढे जात होता. काठावर काका उभे, इस्त्रीचा शर्ट चिखलानं भरलेला, एक हात कमरेवर, दुसरा हात पुढे, आणि आवाज असा की मी कधी ऐकला नव्हता.

"सर, बाएँ. और बाएँ. पानी मत हिलाइए. काठी छोड़िए, हाथ से उठाइए. धीरे से, कवर अभी कच्चा है."

साहेबांनी काठी पाण्यात सोडून दिली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाले, "जी."